दाव्यालाही व्हाउचर हवे



व्हाउचर नसलेली खर्चाची नोंद लेखापरीक्षक मान्य करीत नाहीत. वाणिज्य शाखेत शिकलेला हा धडा आरोग्यविषयक दाव्यांनाही लागू पडतो.

अमडापूर परिसरातील एक वयोवृद्ध गृहस्थ कन्येसह रुग्णालयात आले. डोकेदुखी मोबाइलच्या टॉवरमुळे होते, असे समजून त्यांनी 'लहरींपासून संरक्षण' देणारे पदक गळ्यात घातले होते आणि रक्तदाबाची तपासणी लांबणीवर टाकली होती. तपासल्यावर रक्तदाब बराच वाढलेला आढळला. पदकाचे पैसे गेले, त्याहून मोलाचा वेळ गेला.

मोबाइलच्या रेडिओ लहरी क्ष-किरणांप्रमाणे आयनकारी नसतात; अणूतून इलेक्ट्रॉन सुटा करण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2011 मध्ये त्यांना 'कदाचित कर्ककारक' या गटात ठेवले. याचा अर्थ पुरावा मर्यादित आहे. धोका सिद्ध झाला, असा नव्हे. सावधगिरी म्हणून भारताने 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरच्या प्रारणाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांश केली.

गळ्यातील पदक कानाजवळच्या फोनच्या लहरी अडवू शकत नाही. फोनवरच्या चकतीने त्या खरोखर अडविल्या, तर टॉवरशी संपर्क राखण्यासाठी फोन आपली शक्ती उलट वाढवितो.

ऑक्टोबर 2020 मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी शेणापासून बनविलेली चिप मोबाइलचे प्रारण कमी करते, असे जाहीर केले. तेव्हा चारशेहून अधिक शास्त्रज्ञांनी पत्र लिहून साधे प्रश्न विचारले : प्रयोग कोठे झाले, कोणी केले, निष्कर्ष कोठे प्रसिद्ध झाले? हीच व्हाउचरची मागणी होय. डिसेंबर 2021 मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने तर अशा 10 वस्तूंमधूनच आयनकारी प्रारण बाहेर पडत असल्याचे सांगून त्या न वापरण्याचा इशारा दिला. रक्षकच भक्षक ठरला!

ज्यांना काळजी वाटते, त्यांच्यासाठी बिनखर्चाचा उपाय आहे. अंतर वाढले की लहरींची तीव्रता झपाट्याने घटते. म्हणून स्पीकर किंवा इअरफोन वापरावा, बोलणे आटोपशीर ठेवावे. पेसमेकर बसविलेल्यांनी मोबाइल व चुंबकीय पदके त्यापासून किमान 15 सेंटिमीटर दूर ठेवावीत. एमआरआयपूर्वी गळ्यातील सर्व धातूच्या वस्तू काढाव्यात. क्ष-किरण विभागातील शिशाचा एप्रन मात्र उपयोगी आहे, कारण त्याचे कार्य मोजून सिद्ध झालेले आहे.

भीती वाटण्यात कमीपणा नाही. परंतु भीतीपोटी पैसे मोजण्यापूर्वी विक्रेत्याकडे पुरावा मागावा आणि डॉक्टरांना विचारावे. आपल्या देणगीच्या प्रत्येक रुपयाचा हिशेब आपण आमच्याकडे मागता. तोच बाणा आपल्या आरोग्याबाबतही असावा, ही नम्र विनंती.