पोलादावरील अक्षरे : रिव्हॉल्व्हरवरील कारखान्याच्या खुणा

रिव्हॉल्व्हर हे लहानसे शस्त्र जवळून पाहिले, तर त्याच्या पोलादी अंगावर अनेक बारीक अक्षरे, अंक आणि चिन्हे उठविलेली आढळतात. त्यांतील काही सहज दिसतात. काही मुठीचे लाकूड काढल्याशिवाय दृष्टीस पडत नाहीत. या खुणा शोभेसाठी नसतात. वस्तू कोणी केली, केव्हा केली, कोणी तपासली आणि तिच्यात पुढे कोणता फेरबदल झाला, याची ती संक्षिप्त नोंद असते. ही नोंद वाचण्याची रीत समजली म्हणजे यंत्रयुगातील कारखान्याचे कामकाजही समजते.

क्रमांकांची आवश्यकता

अमेरिकेतील सॅम्युएल कोल्ट (१८१४–१८६२) याने १८३६ साली फिरत्या सिलिंडरच्या शस्त्राचे अमेरिकन पेटंट मिळविले. पुढे हार्टफर्ड येथील त्याच्या कारखान्यात निरनिराळी यंत्रे एकेक भाग घडवीत. एका शस्त्राचा भाग दुसऱ्या शस्त्रात तंतोतंत बसावा, हे यंत्रोत्पादनाचे ध्येय होते. परंतु त्या काळी ते पूर्णपणे साधलेले नव्हते. भाग एकमेकांत नीट बसावेत म्हणून कुशल कारागीर ते हाताने कानशीने घासत. त्यानंतर ते भाग उष्णतेने कठीण केले जात. एकदा जुळवलेले भाग इतरांत मिसळले, तर सारे श्रम वाया जावयाचे. म्हणून प्रत्येक मुख्य भागावर एकच क्रमांक ठोकला जाई. आज एखाद्या जुन्या शस्त्राच्या सर्व भागांवर तोच क्रमांक आढळला, तर ते भाग मूळचेच असावेत असे अनुमान काढता येते. एखाद्या भागाचा क्रमांक निराळा असेल, तर तो पुढे बदलला असण्याचा संभव असतो.

१८४७ साली कोल्टने अमेरिकन सैन्यासाठी 'वॉकर' नावाचे अवजड रिव्हॉल्व्हर तयार करविले. त्या वेळी त्याच्यापाशी स्वतःचा कारखाना नव्हता. ते काम कनेक्टिकट राज्यातील व्हिटनी यांच्या कारखान्यात झाले. त्यावर साधा क्रमांक न घालता सैन्यातील तुकडीचे अक्षर आणि त्या तुकडीतील क्रमांक घातलेला असे. शस्त्र कोणत्या तुकडीच्या हिशेबात आहे, हे त्यावरून तत्काळ कळे. १८५३ ते १८५६ या काळात कोल्टचा एक कारखाना लंडन येथेही चालू होता. तेथील शस्त्रांच्या नळीवर न्यू यॉर्कऐवजी लंडनचा पत्ता असे आणि सोबत इंग्लंडमधील परीक्षागृहाचे शिक्के असत. परीक्षागृहात नेहमीपेक्षा अधिक जोराचा बार उडवून नळीची आणि सिलिंडरची ताकद अजमावीत. जे शस्त्र टिके त्यावरच शिक्का बसे. सारांश, आकृती तीच असली तरी खुणांवरून शस्त्राचे जन्मस्थान निश्चित करता येते.

युद्धकाळातील फरक

युद्ध सुरू झाले म्हणजे कारखान्याला वेळ अपुरा पडू लागतो. दुसऱ्या महायुद्धात बर्मिंगहॅम येथील वेब्ली अँड स्कॉट या कंपनीने आपल्या रिव्हॉल्व्हरांना पूर्वीसारखी तकाकी देणे थांबविले. आणि त्यांच्या सांगाड्यावर 'वॉर फिनिश', म्हणजे 'युद्धकालीन घडण', असे शब्द ठोकले. वरचे काम खडबडीत आहे याची ती प्रांजळ कबुली होती. शस्त्र कामाला कमी पडेल असा तिचा अर्थ नव्हता.

अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथील स्मिथ अँड वेसन या कारखान्याची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. त्याच्या एका प्रसिद्ध जातीच्या रिव्हॉल्व्हरांचे क्रमांक १९४२ साली दहा लाखांपर्यंत पोहोचले. तेव्हा नवी मोजणी एकपासून सुरू करून अंकांच्या आधी 'व्ही' हे अक्षर घालण्यात आले. हे अक्षर 'व्हिक्टरी' म्हणजे विजय या शब्दाचे आद्याक्षर होय. या रिव्हॉल्व्हरांवर चकाकीऐवजी मंद करडा थर आणि साधी लाकडी मूठ असे. मुठीच्या तळाशी दोरी अडकविण्यासाठी कडी बसविलेली असे.

एका अक्षराचे मोल

१९४४ साली एका युद्धनौकेच्या पोलादी डेकवर असे एक रिव्हॉल्व्हर खाली पडले, त्यातून गोळी सुटली आणि एक खलाशी मरण पावला. वास्तविक असा अपघात टळावा म्हणून घोडा आणि सांगाडा यांच्यामध्ये एक लहान अडसर ठेवलेला होता. चाप ओढला नसेल तेव्हा तो मध्ये उभा राही आणि घोड्याला काडतुसापर्यंत पोहोचू देत नसे. परंतु त्याला जागेवर आणण्याचे काम केवळ एका स्प्रिंगकडे होते. गंज लागू नये म्हणून शस्त्रांना दाट चरबट लेप देत. तो आत जाऊन घट्ट झाला म्हणजे स्प्रिंगचा जोर अपुरा पडे आणि अडसर बाजूलाच अडकून राही.

नौदलाने या दोषाचा जाब विचारताच कारखान्याने थोड्याच दिवसांत नवा अडसर सिद्ध केला. तो स्प्रिंगवर विसंबून नव्हता. चापाच्या यंत्रणेशीच जोडलेला असल्याने चाप सोडताच त्याला जागेवर यावेच लागे. ज्या शस्त्रांत हा नवा अडसर होता, त्यांच्या क्रमांकात 'व्ही' या अक्षरासोबत 'एस' हे अक्षर घालण्यात आले. ज्याला ही खूण वाचता येते त्याला शस्त्र न उघडता आत कोणती रचना आहे हे कळते. त्याच तत्त्वावरील अडसर त्या कारखान्याच्या अनेक रिव्हॉल्व्हरांत आजही असतो.

चूक, बनावट आणि पुसलेले क्रमांक

सर्वच वेगळेपण हेतुपुरस्सर नसते. ठसा दोनदा पडणे, अंक उलटा बसणे, अक्षर अर्धवट उमटणे अशा चुका कामगाराच्या हातून होतच असतात. अशी दुर्मिळ खूण असलेल्या जुन्या शस्त्राला संग्राहक अधिक किंमत देतात. म्हणून काही लबाड लोक तशा खुणा नव्याने ठोकतात. अंकांचे वळण त्या काळच्या ठशांशी जुळते काय, आणि ठशाच्या कडेला वर आलेल्या धातूवर मूळचा रंग कायम आहे काय, हे परीक्षक भिंगातून पाहतात. बहुतेक खुणा रंग देण्यापूर्वी ठोकलेल्या असल्यामुळे कडेवरचा रंग तुटलेला दिसला, तर संशयाला जागा राहते.

याहून गंभीर प्रश्न पुसलेल्या क्रमांकाचा. गुन्हेगार क्रमांक घासून टाकतो आणि शस्त्राचा माग नष्ट झाला असे समजतो. परंतु ठसा ठोकताना अंकाच्या खालच्या धातूतील स्फटिकही दाबले जाऊन विकृत होतात. ही विकृती खाचेच्या तळापेक्षाही खोल गेलेली असते. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तो भाग गुळगुळीत करून त्यावर विशिष्ट आम्लद्रावण लावतात. विकृत धातूवर त्याची क्रिया भोवतालच्या धातूपेक्षा निराळ्या वेगाने होते, आणि पुष्कळदा नाहीसे झालेले अंक पुन्हा दिसू लागतात. घासणे फारच खोल गेले असेल, तर मात्र हा उपाय चालत नाही.

अशा रीतीने पोलादावरील एखादे अक्षर कधी कारागिराच्या श्रमाची, कधी तपासनिसाच्या जबाबदारीची, तर कधी एका खलाशाच्या मृत्यूनंतर झालेल्या सुधारणेची साक्ष देते. यंत्राने केलेल्या कोणत्याही वस्तूवरील क्रमांकाकडे अशा जिज्ञासेने पाहिले, तर तिच्या इतिहासाचे पहिले पान तेथेच वाचावयास मिळते.