परसातील कोंबड्यांचे पिण्याचे पाणी

परसात पाच-दहा कोंबड्या बाळगणाऱ्या घरी जाऊन "कोंबड्या काय खातात?" असे विचारले, तर घरातील बाई तपशीलवार सांगते : तांदळाच्या कण्या, निवडून टाकलेले धान्य, उकिरड्यावरील किडे, हिरवा पाला. "पाणी कोठे पितात?" या प्रश्नाचे उत्तर मात्र बहुधा एकच असते : "पितात की कुठंही." हे "कुठंही" म्हणजे मोरीचे सांडपाणी, हातपंपाभोवतीचा चिखल किंवा गोठ्यामागचे डबके होय. सुधारित जातीच्या पिल्लांचे वाटप होते, लसीकरणाच्या मोहिमा निघतात; परंतु या "कुठंही"कडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. अंड्यांत होणारी घट आणि कोंबड्यांची मर यांचे एक मूळ मात्र तेथेच असते.

किती पाणी लागते?

सर्वसाधारण हवामानात कोंबडी जेवढे खाद्य खाते, त्याच्या सुमारे दुप्पट वजनाचे पाणी पिते. मोठ्या कोंबडीस दिवसाला २०० ते २५० मिलिलिटर, म्हणजे दहा कोंबड्यांस दोन ते अडीच लिटर पाणी लागते. कोंबडीला घर्मग्रंथी नसतात. चोच उघडी ठेवून, धापा टाकूनच ती अंगातील उष्णता बाहेर टाकते व त्यात शरीरातील बरेच पाणी खर्ची पडते. त्यामुळे विदर्भ-मराठवाड्यातील कडक उन्हाळ्यात ही गरज दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होते. दहा कोंबड्यांस पाच लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या हंड्याचा तिसरा हिस्सा!

टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हा हिस्सा लहान नव्हे, हे मान्य केलेच पाहिजे. पाणी डोक्यावरून आणणाऱ्या बाईने तो कोंबड्यांसाठी आधी बाजूला काढावा, असे कार्यालयात बसून सांगणे सोपे आहे. तथापि हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कवच वगळता अंड्यात सुमारे तीनचतुर्थांश भाग पाणीच असते. एक दिवसभर पाणी न मिळाल्यास अंडी देणे एकदम घटते आणि पाणी पुन्हा मिळू लागले तरी ते पूर्ववत होण्यास पुढे कित्येक दिवस जातात. तेलमीठ आणि मुलांच्या वह्या-पेन्सिली ज्या पैशातून येतात, तो बहुतेक घरी या अंड्यांचाच पैसा असतो. तांदूळ-भाज्या धुतलेले स्वच्छ पाणी गाळून वापरल्यास हंड्यावरील भारही काहीसा हलका होतो. साबणाचे वा खरकटे पाणी मात्र देऊ नये.

पाण्यातून रोग

कोंबडीला पाणी ओढून पिता येत नाही. ती चोच बुडविते, मान उंच करते आणि पाणी घशात उतरू देते. प्रत्येक वेळी चोचीतील लाळ, नाकातील स्राव व खाद्याचे कण पाण्यात मिसळतात. आजारी कोंबडी प्यालेल्या भांड्यातच निरोगी कोंबडी चोच घालते. मानमोडी म्हणजे राणीखेत रोगाच्या प्रसाराचा हा एक मार्ग आहे. पायांनी व विष्ठेने घाण झालेल्या पाण्यातून रक्ती हगवण पसरते. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला, तेव्हापासून हा रोग आपल्या राज्याला अपरिचित राहिलेला नाही. रानपक्षी, विशेषतः पाणपक्षी, ज्या तळ्याकाठी उतरतात तेथे कोंबड्यांना पाण्यासाठी जाऊ न देणे, ही त्याबाबतची साधी दक्षता होय.

हातपंपाभोवतीचे डबके हा मात्र एकट्या घराचा प्रश्न नव्हे. तेथे शोषखड्डा करणे पंचायतीच्या हाती आहे, आणि डास कमी होण्याचा लाभ माणसांनाही मिळतो.

मडके आणि परळ

उघड्या थाळीत पाणी ठेवले की कोंबडी त्यात उभी राहते, माती उकरून टाकते. त्यासाठी बाजारातील प्लॅस्टिकचे भांडे मिळतेच. परंतु कुंभाराकडील मडके व परळ यांनीही तेच काम होते. मडक्याच्या काठाजवळ बोटभर रुंदीचे भोक पाडावे. मडके पाण्याने भरून, वर परळ पालथा धरून, दोन्ही एकदम उलटावे. भोक पाण्याखाली झाकले जाईपर्यंतच पाणी परळात उतरते, मग थांबते. कोंबड्या पितील तसे पुन्हा उतरते. भोक परळाच्या काठापेक्षा खाली असलेच पाहिजे. नाहीतर पाणी वाहून जाते. मडक्याला चीर असल्यासही हवा आत शिरून तोच प्रकार घडतो. हवेच्या दाबाचा धडा शिकविणाऱ्या शिक्षकांना याहून स्वस्त साधन क्वचितच मिळेल! शिवाय मातीच्या भांड्यात पाणी थंड राहते, आणि तापलेले पाणी कोंबडी पीत नाही.

हे भांडे सावलीत, कोंबडीच्या पाठीच्या उंचीइतक्या विटांवर ठेवावे. एकाऐवजी दोन ठिकाणी ठेवणे चांगले, कारण दांडगी कोंबडी एका भांड्याचा ताबा घेऊन दुबळ्यांना हुसकून लावते. रोज राखेने घासून ताजे पाणी भरावे. उन्हाळ्यात दुपारी पुन्हा एकदा. घरचे लोक पितात तेच, टी.सी.एल. पावडरने शुद्ध केलेले पाणी कोंबड्यांनाही चालते.

लहान पिल्ले खोल पाण्यात बुडून मरतात. त्यांच्यासाठी उथळ बशीत स्वच्छ खडे घालावेत, म्हणजे चोचीपुरतेच पाणी वर राहते. खुडूक कोंबडी अंड्यांवर एकवीस दिवस बसते व दिवसातून जेमतेम एखादा वेळ उठते. तिचे पाणी जवळच असावे.

राणीखेतची लस पाण्यातून द्यावयाची असेल, तर टी.सी.एल. घातलेले पाणी दोन दिवस आधीपासून बंद ठेवावे. क्लोरिनमुळे लस निकामी होते. त्या दिवशी पहाटे एक-दोन तास पाणी काढून घ्यावे आणि लिटरमागे पाच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळलेल्या साध्या, थंड पाण्यातून पशुवैद्यकीय कर्मचाऱ्याच्या सल्ल्याने लस पाजावी. लसीचे पाणी दोन तासांत संपेल इतकेच करावे आणि उन्हे चढण्यापूर्वी नेहमीचे पाणी पुन्हा ठेवावे.