उपग्रहाविना मार्गनिश्चिती

जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात, रशियाच्या नोव्होरोसिस्क बंदराजवळ, वीसहून अधिक जहाजांची उपकरणे जहाजांचे स्थान जमिनीवरील एका विमानतळावर दाखवू लागली. उपकरणे बिघडलेली नव्हती. त्यांना खोटे संकेत मिळत होते, असे तज्ज्ञांचे अनुमान आहे. ही जहाजे व्यापारी होती. परंतु याच संकेतांवर सेनादलांच्या तोफा, विमाने व क्षेपणास्त्रेही विसंबून असतात.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांचा रेडिओ-संकेत पृथ्वीवर पोचेपर्यंत इतका क्षीण होतो की, लहानशा प्रक्षेपकाच्या गोंगाटातही तो बुडून जातो. संकेत बुडाला तर ते निदान तत्काळ कळते. खोटा संकेत मात्र खऱ्यासारखाच दिसतो, आणि तोच अधिक घातक होय. युक्रेनमधील युद्धात अशा अडथळ्यांमुळे उपग्रहाधारित तोफगोळ्यांची अचूकता ढासळल्याची वृत्ते २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली.

यावरील मुख्य आधार म्हणजे जडत्वीय पद्धती. जायरोस्कोप दिशेतील बदल व त्वरणमापक वेगातील बदल मोजतात. त्यांवरून मूळ ठिकाणापासून किती अंतर कोणत्या दिशेने कापले, याचा हिशेब यंत्र करीत राहते. बाहेरून काहीच घ्यावयाचे नसल्याने तिला कोणी फसवू शकत नाही. परंतु सूक्ष्म चुका साचत जातात; विमानांतील नेहमीच्या यंत्रणेत तासाला सुमारे दीड ते दोन किलोमीटरचा फरक पडू शकतो.

म्हणून मधूनमधून बाह्य खूण लागते. १९९१ च्या आखाती युद्धातील अमेरिकेच्या टॉमाहॉक क्षेपणास्त्रांत जीपीएस नव्हते. खालच्या भूभागाचे चढउतार मोजून ते साठविलेल्या नकाशाशी ताडले जात व जडत्वीय यंत्राची चूक सुधारली जाई. सपाट वाळवंटात ताडण्याजोगे काही नसल्याने मार्ग मात्र मोजकेच उरत. समुद्रावर तर ही सोय नाहीच. तेथे तारे उपयोगी पडतात, अर्थात आकाश निरभ्र असेल तर.

स्वतंत्र पद्धतींची उत्तरे परस्परांशी जुळत नसतील, तरच खोटा संकेत उघड होतो. यासाठी यंत्रांइतकीच माणसांची सवयही टिकवावी लागते. अमेरिकेच्या नौदल अकादमीने अनावश्यक ठरवून बंद केलेले ताऱ्यांवरून मार्ग काढण्याचे शिक्षण २०१५ मध्ये पुन्हा सुरू केले. सेक्स्टंट हाती धरलेल्या त्या तरुण नौसैनिकांना हिशेबासाठी वीजही लागत नाही. घड्याळ व पंचांगवजा कोष्टके पुरतात.