जुन्या गाडीचा दिवा मोजायचा कसा?

प्रश्न : माझ्याकडे २००१ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे. महिनाभर चेक इंजिनचा दिवा पेटलेला आहे. सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो आणि ॲव्हरेजही पडला आहे. फिटर म्हणतो, ‘एवढ्या जुन्या गाडीला स्कॅनर लागत नाही, एकेक सेन्सर बदलून बघू.’ दुसरा काहीच मार्ग नाही का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : फिटरचं पहिलं म्हणणं बरंचसं खरं आहे. दुसरं मात्र ऐकू नका, कारण त्यात नव्या सेन्सरांचे पैसे तुमचे जाणार आहेत.

आधी स्कॅनर का लागत नाही ते बघू. सगळ्या गाड्यांनी ओबीडी-२ या एकाच भाषेत बोलावं, ही सक्ती अमेरिकेत १९९६च्या मॉडेलपासून आली. आपल्याकडे ओबीडी-२ सक्तीचं झालं ते एप्रिल २०१३पासून. त्याआधी ज्या त्या कंपनीची बोली वेगळी. गंमत म्हणजे त्या काळातल्या काही गाड्यांत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं. बाजारातला स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर त्यात घट्ट बसतो, त्याचा दिवाही लागतो, कारण बॅटरीचा प्लस आणि अर्थ या पिना ठरलेल्या जागीच असतात. पण बोलणं पुढं सरकत नाही. मग माणूस स्कॅनर परत करतो. स्कॅनर बिचारा चांगला असतो.

तुमच्या गाडीच्या पिढीत कंपन्यांनी एक साधी सोय ठेवली होती. एका छोट्या कनेक्टरमधल्या ठरावीक दोन पिना वायरच्या तुकड्यानं जोडायच्या, चावी ‘ऑन’ करायची, इंजिन चालू करायचं नाही, आणि डॅशबोर्डवरचा दिवा किती वेळा मिचकतो ते मोजायचं. जुन्या सुझुकींत एक मिचकी, थोडी उसंत आणि चार मिचक्या म्हणजे १४. प्रत्येक आकडा तीनदा येतो, म्हणून चुकला तर पुन्हा मोजता येतो. होंडांमध्ये लांब मिचकी दशकाची, छोटी एककाची. टोयोटांत बॉनेटखालच्या डबीत टीई१ आणि ई१ अशी नावं छापलेल्या पिना असतात. तिथं दिवा एकाच लयीत न थांबता मिचकत राहिला तर तक्रार काही नाही.

पिना कुठल्या, हे मात्र त्याच मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून बघा. अंदाजानं कुठंही वायर खुपसलीत तर गाडीचा कॉम्प्युटर जळू शकतो. आणि पिवळ्या रंगाचा कनेक्टर दिसला तर हात मागं घ्या. तो बहुधा एअरबॅगचा असतो.

माझा स्वतःचा पहिला प्रयोग सांगतो. मित्राच्या जुन्या सुझुकीत १२ आकडा आला. आम्ही दोघं संध्याकाळभर ‘बारा नंबरचा फॉल्ट’ शोधत बसलो, दोन कनेक्टर उगाच उपसले. सुझुकीच्या आकड्यांच्या यादीत १२ म्हणजे ‘सगळं ठीक’. यादी जवळ घेतल्याशिवाय आकड्याला काही अर्थ नसतो.

आता तुमच्या लक्षणांकडे येऊ. ॲव्हरेज पडण्यामागे सायलेन्सरच्या पाइपवरचा ऑक्सिजन सेन्सर असू शकतो. त्याचा आकडा सुझुकीत १३, टोयोटात २१, होंडात १. पण सकाळचा लांबलेला सेल्फ ऐकून मला कूलंटच्या तापमानाच्या सेन्सरचा जास्त संशय येतो. त्याला सुझुकी १४ म्हणते, टोयोटा २२, होंडा ६ आणि नव्या गाड्या पी०११८. शेवटच्या आकड्यातला ‘पी’ म्हणजे इंजिन-गिअरचा विभाग, त्यापुढचा शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना सामाईक असलेला कोड.

इथंच बहुतेक पैसे वाया जातात. १४ आला की लोक कूलंट सेन्सर विकत आणतात. पण ‘सेन्सर गेला’ असं कोड म्हणतच नाही. त्या वायरीवरून येणारं माप अशक्य आहे, एवढीच कॉम्प्युटरची तक्रार असते. हा सेन्सर म्हणजे तापला की रोध कमी होणारा एक तुकडा. वीस अंशांना साधारण दोन ते तीन हजार ओहम, ऐंशीला तीनशेच्या आसपास. मधली वायर तुटली तर रोध अनंत, म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशेबी भर मे महिन्यात मिरजेत इंजिन गोठलेलं! काही कॉम्प्युटर यावर विश्वास ठेवत नाहीत, ऐंशी अंश गृहीत धरून काम चालवतात. मग पहाटेच्या थंड इंजिनाला गरम इंजिनाइतकंच पेट्रोल मिळतं, आणि तुम्ही सेल्फ मारत बसता.

म्हणून कनेक्टर काढून मल्टिमीटरनं सेन्सरचा रोध मोजा, एकदा इंजिन थंड असताना, एकदा गरम झाल्यावर. माप बरोबर आलं तर सेन्सर निर्दोष. मग हिरवट गंज चढलेली पिन किंवा उंदरानं कुरतडलेली वायर शोधा. पावसाळ्यात बॉनेटखालच्या उबेला उंदीर येतातच. माप चुकलं तर खुशाल नवा सेन्सर घ्या.

चालत्या गाडीत दिवा आपोआप मिचकू लागणं ही गोष्ट मात्र वेगळी. ओबीडी-२च्या गाडीत त्याचा अर्थ इंजिन इतकं मिसिंग मारतंय की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळेल. तेव्हा मोजत बसू नका, गाडी बाजूला घ्या.

आणखी एक. ‘बॅटरीची वायर काढून लावा, दिवा जातो’ हा सल्ला तुम्हाला मिळेलच. दिवा खरंच जातो, पण बऱ्याच जुन्या गाड्यांत त्याबरोबर साठवलेला कोडही पुसला जातो, आणि दोष तिथंच राहतो. त्यामुळे फिटरनं बॅटरीला हात लावण्यापूर्वी आकडा दोनदा मोजून कागदावर लिहून ठेवा. तो आकडा, गाडीचं मॉडेल आणि रोधाची दोन्ही मापं कळवलीत, तर पुढच्या वेळी याहून नेमकं सांगता येईल.