लोहमार्गाची सेविका : खडीची वाघीण

विद्यार्थिमित्रहो, इंग्रजी 'वॅगन' या शब्दाची मराठींत 'वाघीण' झाली, हें आपणांस ठाऊक असेलच. आगगाडी म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें इंजिन उभें राहतें. पण ज्या वाघिणीनें त्या इंजिनाची वाट घडविली व राखिली, तिची आठवण सहसा कोणास होत नाहीं. तिच्याविषयीं येथें थोडें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पूर्णा ते हिंगोली हा फांटा निजामाच्या राज्यांतील रेल्वेनें 1912 सालीं उघडला. आपल्या भागांतील काळी जमीन पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. अशा जमिनीवर नुसते रूळ अंथरले, तर ते लवकरच वांकडेतिकडे होतील. म्हणून स्लीपरांखालीं व त्यांच्या भोंवतीं फोडलेल्या दगडाची खडी घालतात. ही खडी गाडीचें ओझें विस्तृत जागेवर वांटते, पावसाचें पाणी निथळूं देते आणि स्लीपरांस जागचे हलूं देत नाहीं. परंतु गाड्यांच्या हादऱ्यांनीं तिचा चुरा होतो व ती खालीं रुतते. यास्तव नवी खडी पुनःपुन्हा घालावी लागते. हें काम कधींच संपत नाहीं.

पूर्वीं उघड्या वाघिणींतून मजूर फावड्यांनीं खडी उतरवीत. पुढें नरसाळ्याच्या आकाराची वाघीण आली. तिच्या भिंती खालीं निमुळत्या होत जातात व तळाशीं दारें असतात. गाडी अगदीं सावकाश चालवून दारें उघडलीं कीं खडी आपल्याच भारानें रुळांमध्यें अथवा बाजूस पडते. ब्रिटनमध्यें मार्गाच्या कामावरील वाघिणींस माशांचीं व इतर जलचरांचीं नांवें होतीं. 'डॉगफिश' खडी टाकी, व 'शार्क' नांवाची ब्रेकगाडी आपल्या नांगरानें ती सारखी करी. आपली वाघीण, त्यांचे मासे. काम मात्र एकच!

आतां जतनाचा प्रश्न. 2008 सालीं अकोला–पूर्णा मार्ग रुंद झाला. दोन रुळांमधील अंतर पूर्वीं 1000 मिलिमीटर होतें, तें 1676 झालें. जुन्या मापाच्या वाघिणीचीं चाकें नव्या रुळांवर बसत नाहींत. तिला दुसऱ्या मीटरमापी मार्गावर काम मिळालें तर बरें; पण 1992 पासून देशभर मार्ग रुंद होत गेल्यानें तसे मार्गही थोडेच उरले. मग भंगार किंवा जतन, एवढ्या दोनच गती राहतात.

दिल्लीचें राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय 1977 सालीं उघडलें. 1855 सालीं बांधलेलें 'फेअरी क्वीन' इंजिन आज जगप्रसिद्ध आहे. उतारवयांत हीच राणी बिहारांत नवा मार्ग बांधण्याच्या कामीं राबली होती. त्या वेळीं तिच्यामागें ज्या वाघिणी चालत, त्यांची विचारपूस कोण करतो? वेल्समधील टॅलिलिन रेल्वे 1951 पासून स्वयंसेवकांनीं चालविली आहे. अशा जुन्या मार्गांवरील मंडळी खडीच्या वाघिणी नुसत्या जपून ठेवीत नाहींत, तर आपल्या मार्गाच्या दुरुस्तीस त्या कामालाही लावितात. उघड्यावर सोडून दिलेली वाघीण गंजते. कामावरील वाघिणीस वेळच्या वेळीं तेल व रंग मिळतो.

वाघीण विकत घेऊन ठेवणें आपल्या आवांक्यांतलें नाहीं. पण स्थानकावर खडीची गाडी उभी दिसली, तर फलाटावरूनच तिच्या अंगावरील जात, क्रमांक व वजन वाचून वहींत टिपून ठेवा. पालकांसही आमची विनंती आहे कीं, घरांतील कोणीं वडीलधाऱ्यांनीं लोहमार्गावर घण किंवा फावडें चालविलें असेल, तर त्यांच्याजवळ मुलांस बसवावें व ती हकीकत लिहवून घ्यावी. लोखंड वितळविलें तरी त्याचें पुन्हा लोखंडच होतें. माणसाबरोबर गेलेली हकीकत मात्र परत मिळत नाहीं.