काचेवरचं ब्रेल आणि निसटलेलं टिंब

ब्रेल स्लेट आणि स्टायलसवर लिहायला शिकलेली आम्ही माणसं उजवीकडून डावीकडे लिहितो, तेही उलटं. कागद पालटला की टोचलेली टिंबं वर येतात आणि डावीकडून उजवीकडे सुलट वाचता येतात. लहानपणापासून हातात मुरलेली ही सवय मोबाइलच्या काचेवर ब्रेल लिहिताना आडवी येते. मी स्वतः दृष्टिहीन आहे आणि दृष्टिहीन मुलामुलींना फोन वापरायला शिकवते. काचेवर लिहिणं पुष्कळांना चटकन जमतं. लिहिलेलं तपासणं आणि दुरुस्त करणं मात्र वेगळं शिकावं लागतं, आणि ते शिकायला कोणी बसत नाही. या लेखाचं कारण तेच आहे.

ज्यांनी हे कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फोन आडवा धरायचा, पडद्याची बाजू आपल्यापासून पलीकडे. डाव्या हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका म्हणजे १, २, ३ ही टिंबं; उजव्या हाताची तीन बोटं म्हणजे ४, ५, ६. ज्या अक्षराला जी टिंबं लागतात ती बोटं एकदम टेकवून उचलली की अक्षर उमटतं. फोन टेबलावर ठेवूनही लिहिता येतं. आयफोनमध्ये ही सोय २०१४ साली आली आणि अँड्रॉइडच्या टॉकबॅकमध्ये, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सोयीत, २०२० साली. त्याआधी एकतर कीबोर्डवर बोट फिरवत एकेक अक्षर ऐकून शोधायचं, नाहीतर फोनला तोंडी मजकूर सांगायचा. भरलेल्या बसमध्ये आपल्या आजारपणाचा किंवा पैशांचा निरोप मोठ्याने सांगावा लागणं काय असतं, ते ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळतं. ब्रेलने लिहिलं तर शेजारच्याला काही कळत नाही. आमच्या हाती आलेलं हे मोठं स्वातंत्र्य आहे, असं मी मनापासून मानते.

पण कागदावर टोचलेलं टिंब बोटाखाली राहायचं. चुकलं की नखाने दाबून सपाट करता यायचं, आणि चुकलंय हे आधी बोटालाच कळायचं. काचेवर बोटाखाली काहीच उरत नाही. पुरावा उरतो तो फक्त कानात, आणि तोही क्षणभर.

माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीने परीक्षेसाठी ठरवलेल्या लेखनिकेला निरोप पाठवला. पेपर १४ तारखेला होता. निरोपात गेलं १६. चारच्या आकड्याची टिंबं १-४-५ आणि सहाच्या आकड्याची १-२-४. एक दुसऱ्याचं आरशातलं रूप. स्लेटवर वाढलेल्या तिच्या हाताने चार उलटा लिहिला आणि फोनने तो सहा म्हणून घेतला. फोन ‘सोळा’ बोललाही असेल, पण ती गर्दीत उभी होती आणि इअरफोन पिशवीत होता. पेपरच्या सकाळी लेखनिक आपल्या घरी निवांत होती. ऐनवेळी दुसरी मुलगी मिळाली. तिला विषयातले शब्द नवे होते, प्रत्येक शब्द फोडून सांगावा लागला आणि शेवटचे प्रश्न राहून गेले. वर्षभराचा अभ्यास करून बसलेल्या मुलीचं हे नुकसान माझ्या मनातून जात नाही. तेव्हापासून आकड्यांचा धडा मी सगळ्यात आधी घेते.

आकड्यांत ही आरशातली जोडी एकटी नाही. ५ (१-५) आणि ९ (२-४), ८ (१-२-५) आणि ० (२-४-५) याही तशाच. म्हणजे पाचची भेट नऊची होऊ शकते आणि रकमेतल्या शून्याचे आठ होऊ शकतात. म्हणून तारीख लिहिताना वारही लिहा. ‘१४, मंगळवार’ असं लिहिलं की आकडा चुकला तरी समोरचा माणूस थबकतो आणि विचारतो. वेळ असेल तर ‘सकाळी’, ‘संध्याकाळी’ जोडा. रक्कम अंकात आणि अक्षरातही लिहा. पत्ता किंवा फोन नंबर पाठवताना तो पुन्हा एकेक अंक ऐकल्याशिवाय ‘पाठवा’वर बोट नेऊ नका, कितीही घाई असो.

अक्षरांच्या जोड्याही पाठ करून ठेवा. ब (१-२) उलटला की भ (४-५), क (१-३) उलटला की ख (४-६), ल (१-२-३) उलटला की ळ (४-५-६). म चा श होतो, न चा ड, र चा ठ, ह चा ज. ‘मन’ लिहायला जावं आणि ‘शड’ ऐकू यावं, तर गोंधळून बोटं बदलत बसू नका. दोन्ही हात उलटे चालले आहेत हे ओळखा. पर्किन्स ब्रेलरवर शिकलेल्यांना हा त्रास जवळजवळ होत नाही, कारण त्या यंत्रावर अक्षर सुलटच लिहिलं जातं. आपल्याकडे बहुतेकांच्या वाट्याला स्लेटच येते. म्हणून फोनला हात लावण्याआधी नुसत्या टेबलावर सहा बोटं ठेवून ‘एक-तीन क, एक-दोन ब’ असं तोंडाने म्हणत बोटं आपटायला मी सांगते. मुलांना ते कंटाळवाणं वाटतं, पण हात यानेच वळतो.

दुसरी चूक अनामिकेची. ते बोट आधीच दुबळं, त्यात फोन पेलण्याचा भार हातावर असतो, त्यामुळे तिसरं टिंब टेकतच नाही. मग ल चा ब होतो, र चा ह, न चा द, म चा च, त चा ज. तुमच्या निरोपात याच अदलाबदली दिसत असतील तर दोष तुमच्या ब्रेलचा नाही, पकडीचा आहे. फोन अंगठे आणि करंगळ्यांवर पेला, कोपर अंगाजवळ ठेवा. बोटांच्या जागा फोनला नव्याने ओळखून घ्यायला लावण्याची सोय दोन्ही प्रकारच्या फोनमध्ये आहे. लिहायला बसताना ती आधी वापरा. पावसाळ्यात आणि मुंबईच्या घामात काच पुसून घ्या, ओलसर काच स्पर्श नीट पकडत नाही. काही स्वस्त फोनांना एका वेळी पाचच स्पर्श समजतात. तिथे सहा टिंबांचा ढ हट्ट करतो. तीन बोटं खाली ओढली की पडद्याचा फोटो निघतो, ही सोयही काही फोनांत असते. ती बंद करून टाका.

आता भारती ब्रेलच्या, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ब्रेलच्या, नियमांकडे येते, कारण फोन ते काटेकोर पाळतो आणि आपण विसरलेले असतो. जोडाक्षराची खूण, म्हणजे चौथं टिंब, व्यंजनाच्या आधी येते. ‘प्रकाश’ लिहायचं तर आधी टिंब ४, मग प, र, क, आ, श. ज्यांनी आधी साध्या मराठी कीबोर्डवर पाय मोडायची सवय केली आहे ते प नंतर चौथं टिंब देतात, आणि शब्द ‘पर्काश’ होतो. दुसरा नियम अ चा. ब्रेलमध्ये स्वर आणि त्याची मात्रा यांना एकच खूण आहे. त्यामुळे अकारान्त व्यंजनापुढे सुटा स्वर यायचा असेल तर मध्ये अ, म्हणजे पहिलं टिंब, द्यावं लागतं. ते विसरलं की ‘मऊ’चं ‘मू’ होतं, ‘सई’ची ‘सी’ आणि ‘पपई’ची ‘पपी’. शाळेत कागदावर हे राहून गेलं तरी वाचणारे बाई-गुरुजी समजून घ्यायचे. फोन समजून घेत नाही.

भाषा बदलायची राहून गेली तर वेगळीच फजिती. इंग्रजीचा संक्षिप्त ब्रेल चालू असताना ‘काम’ लिहिलं तर आपला आ, म्हणजे ३-४-५, तिथे ‘एआर’ या दोन अक्षरांची खूण ठरतो, आणि इंग्रजी लिपीत ‘कर्म’सारखा वाचला जाणारा शब्द उमटतो. गर्दीत अर्धवट कानाने ऐकलं तर तो खपूनही जातो. म्हणून पहिला शब्द लिहिल्यावर थांबा, तो अक्षर-अक्षर ऐका, मगच पुढे जा. भाषांच्या यादीत लागतात तेवढ्याच ठेवा, म्हणजे चुकून तिसरीकडे जाणार नाही.

दुरुस्तीचं मुख्य काम असं. एक बोट उजवीकडे सरकवलं की मोकळी जागा पडते, डावीकडे सरकवलं की मागची एक खूण जाते, दोन बोटं डावीकडे सरकवली की मागचा अख्खा शब्द जातो. माझा सल्ला ठाम आहे: शब्दात जोडाक्षर असेल तर एकेक खूण पुसत बसू नका. पुसताना मोडलेल्या पायाची खूण मागे लोंबत राहू शकते आणि पुढचं अक्षर तिला जाऊन चिकटतं. पूर्ण शब्द पुसा आणि नव्याने लिहा. त्यात वेळ जातो असं वाटतं, पण कमीच जातो. चूक चार ओळी मागे असेल तर ब्रेल कीबोर्ड बंद करा, आधी शब्दाशब्दाने आणि मग अक्षराअक्षराने कर्सर न्या. आयफोनवर कर्सर ज्या अक्षरावरून ओलांडतो ते अक्षर बोललं जातं. उजवीकडे जात असाल तर कर्सर त्या अक्षराच्या पुढे असतो, डावीकडे येत असाल तर अलीकडे. हे ध्यानात नसलं की चुकीचं अक्षर तसंच राहतं आणि शेजारचं बरोबर अक्षर पुसलं जातं. असे मोडलेले शब्द मी रोज ऐकते.

एवढं करूनही एक चूक उरते, आणि ती कानाला सापडत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत, श आणि ष यांत फोनचा आवाज फरक करत नाही किंवा आपल्याला तो ऐकू येत नाही. अर्ज, नोकरीचं पत्र, संपादकांना पाठवायचा लेख असेल तर नुसतं वाक्य ऐकून पाठवू नका. शंका येईल तो शब्द अक्षरा-अक्षराने ऐका. ब्लूटूथने ब्रेल डिस्प्ले जोडता येत असेल तर बोटाने वाचा. त्याहून मोलाचं म्हणजे वाचनाची सवय. आमच्यातली नवी मुलं पुस्तकं ऐकूनच मोठी होत आहेत, त्यांच्या बोटांना वेलांटी पहिली की दुसरी हे भेटलेलंच नसतं. स्वागत थोरात यांनी २००८ साली सुरू केलेलं ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक शाळेत येत असेल तर शिक्षकांनी ते कपाटात ठेवू नये, मुलांच्या हातात द्यावं. आणि फोनच्या तासाला लिहिण्याइतकाच वेळ दुरुस्तीला द्यावा: मुद्दाम चुका पेरलेला उतारा फोनवर द्यायचा, कोणीही न सांगता त्यातल्या चुका मुलांनी शोधायच्या आणि सुधारून परत पाठवायच्या.