काकू, टेन्शन नका घेऊ

माझी आत्या शाळेतून निवृत्त झाली. तिचं शेअरचं खातं गावातल्याच एका ब्रोकरच्या फ्रँचायझीत होतं. तिथला मुलगा मोठा लाघवी. 'काकू, टेन्शन नका घेऊ, मी बघतो,' हे त्याचं पालुपद. तिच्या रिटर्नसाठी मी कॅपिटल गेनचं स्टेटमेंट मागवलं, तेव्हा त्याचं बघणं कळलं. चार-दोन नोंदी असतील असं वाटलं होतं, निघाली पानंच्या पानं. वर्षानुवर्षं धरून ठेवलेले शेअर विकायचे, दुसरे घ्यायचे, आठवड्यात तेही काढायचे. आत्याला पत्ता नाही.

कॉन्ट्रॅक्ट नोट सौद्यापासून २४ तासांत ग्राहकाला मिळायला हवी. ती जातही होती, पण केवायसीत ईमेल आणि मोबाइल त्याने आपल्या सोयीचे टाकले होते. एक्सचेंजचे एसएमएससुद्धा त्यालाच! आत्याने फुल्या मारलेल्या जागी सह्या केल्या होत्या, एवढंच.

हा उद्योग कशासाठी, ते नोटवरच छापलेलं असतं. ब्रोकरला पैसे मिळतात ते उलाढालीवर. तुम्हाला फायदा झाला की तोटा, त्याला फरक पडत नाही. आत्याच्या खात्यावरची दलाली अर्धा टक्का. म्हणजे एक लाखाचे शेअर घेऊन त्याच भावाला विकले तरी दलाली १,००० रुपये, तिच्यावर १८ टक्के जीएसटी १८०, एसटीटी २०० आणि स्टॅम्प ड्युटी १५. अशा दहा फेऱ्या मारल्या की भाव जागच्या जागी असूनही १४ हजार गेले.

सगळे ब्रोकर असे नसतात, आणि त्यांच्याशिवाय एक्सचेंजवर सौदाही करता येत नाही. शेअर मात्र त्यांच्याकडे नसतात, ते एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीत असतात. म्हणून होल्डिंग थेट तिथेच बघा. ब्रोकरच्या माणसाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या एक्सेलवर विसंबू नका. कोऱ्या डिलिव्हरी स्लिपवर सही म्हणजे कोरा चेक. शेअरसाठी पैसे फक्त ब्रोकरच्या ग्राहक खात्यात भरावेत, फ्रँचायझीवाल्याच्या स्वतःच्या खात्यात कधीच नाही. आणि खात्रीच्या परताव्याची भाषा कानावर आली की तिथून उठावं. असं वचन द्यायला सेबीची मनाईच आहे.

आमच्या कामी आला तो सेबीचा २०१८चा नियम. ऑर्डर ग्राहकानेच दिली होती याचा पुरावा ब्रोकरने जपायचा असतो: फोनचं रेकॉर्डिंग, ईमेल किंवा सही. मी एकेका सौद्याची तारीख लिहून पुरावा मागितला. एकही देता आला नाही. दलाली परत मिळाली. विकलेले शेअर पुढे चढले, त्याची भरपाई नाही.

तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या खात्यावर नंबर आणि ईमेल कुणाचा आहे, तेवढं आजच बघा. गडबड दिसली तर आधी ब्रोकरला लेखी कळवा, मग सेबीच्या 'स्कोअर्स'वर जा. तिथे फी नाही, वकील नको. मात्र तक्रार वर्षाच्या आत करावी लागते.